म्हैसाळचा ओढा, बहिणीची हक्कसोड आणि बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध



मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात पोलिसांनी ओढ्याकाठची जमीन उकरली आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून पुरलेले १९ गर्भ बाहेर काढले. त्याआधी काही दिवस त्याच गावातल्या दवाखान्यात गर्भपात करताना एक तरुण आई मेली होती. तिला दोन मुली होत्या, तिसरी खेप होती. दवाखाना चालवणाऱ्याकडे होमिओपॅथीची पदवी होती. गाव कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेले. तपासाचे धागे पलीकडे गेले, सोनोग्राफी तिकडे आणि पिशवी रिकामी करायला इकडे, असा हा धंदा असल्याचे समोर आले. त्या दवाखान्याविरुद्ध आधी तक्रार झाली होती, चौकशीही झाली होती. चौकशीतून काही निघाले नव्हते. निघाले ते जमिनीतून.

तेव्हा सगळ्यांनी एकच गोष्ट केली. त्या डॉक्टरला नराधम म्हटले आणि हात झटकले. नराधम म्हणणे सोयीचे असते. एक राक्षस सापडला की बाकीचे आपोआप माणसे ठरतात. पण त्याच्या दारात पोरीबाळींना घेऊन गेले कोण? नवरा, सासू, दीर, कधी माहेरची माणसेसुद्धा. त्यांच्या घरी सातबारा होता, देवघर होते, आणि बऱ्याच ठिकाणी भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरीही असतील. हा लेख त्या डॉक्टरविषयी नाही. त्याचे काय करायचे ते कोर्ट बघेल. हा लेख त्याच्या गिऱ्हाइकांविषयी आहे, त्या गिऱ्हाइकांना जन्म देणाऱ्या व्यवस्थेविषयी आहे, आणि मित्रहो, थोडा आपल्याविषयीही आहे.

आधी आकडे बघू. दर हजार मुलग्यांमागे ० ते ६ वयाच्या मुली सांगली जिल्ह्यात १९९१ साली ९२४ होत्या, २००१ साली ८५१ झाल्या. साताऱ्यात ९४१ च्या ८७८ झाल्या. कोल्हापूरने तर ९३१ वरून ८३९ वर उडी मारली. अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा ९४६, मग ९१३, आणि २०११ ला ८९४. हे तीन जिल्हे म्हणजे मराठवाड्यातला दुष्काळी कोपरा नव्हे. इथे कृष्णा आहे, कोयना आहे, उसाचे कारखाने आहेत, द्राक्षबागा आहेत, शिक्षणसंस्था आहेत. गरिबी आणि अडाणीपणा हे कारण असते तर इथे मुली जास्त जन्मायला हव्या होत्या. जिथे पाणी आले, पैसा आला, जमिनीला भाव आला, तिथेच मुलगी नकोशी झाली. म्हणजे मुलगी 'परवडत नाही' म्हणून मारली जात नाही. तिला वाटा द्यावा लागेल म्हणून, आणि तिची 'इज्जत' सांभाळावी लागेल म्हणून मारली जाते.

आता बाबासाहेबांकडे येऊ. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, वयाच्या पंचविशीत, त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. चळवळीत आपण तो 'जातीचा उगम' सांगणारा निबंध म्हणून वाचतो, परीक्षेला लिहितो आणि पुढे जातो. पण त्या निबंधाचा कणा काय आहे? बाईची संख्या. बाबासाहेबांचा मुद्दा असा की जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. हे लग्न टिकवायचे तर जातीत लग्नाच्या वयाच्या बायका आणि पुरुष सारखे राहिले पाहिजेत. नवरा मेला की बाई 'जादा' होते. ती जातीबाहेर लग्न करील, नाहीतर जातीतल्या दुसऱ्या मुलीचा नवरा घेईल. म्हणून तिला एकतर चितेवर जाळायची, नाहीतर कायमचे वैधव्य लादायचे. बायको मेली की पुरुष 'जादा' होतो. पण पुरुष जातीला हवा असतो, त्याला जाळता येत नाही. मग त्याला अजून वयात न आलेल्या मुलींतून बायको द्यायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तीन वेगवेगळी पापे नाहीत, जातीचे कुंपण टिकवण्याची ती तीन हत्यारे आहेत, हे एका पंचविशीतल्या अस्पृश्य विद्यार्थ्याने सगळ्या समाजसुधारकांच्या आधी नीट मांडले. समाजशास्त्रात एम. ए. करताना मला हा निबंध 'संदर्भ' म्हणून एका ओळीत भेटला होता. त्याला मुख्य सिद्धांत म्हणून शिकवायला विद्यापीठांचे काय जाते, कोण जाणे.

त्या निबंधाला शंभर वर्षे झाली आणि दहा महिन्यांत म्हैसाळ उघडे पडले. जातीने चौथे हत्यार शोधले होते. आता बाई जादा होण्याची वाटच बघायची नाही, जन्मालाच येऊ द्यायची नाही. यात जातीचा हिशेब चुकला, हा भाग वेगळा. आज गावोगाव तीस-पस्तिशीची पोरे बिनलग्नाची बसली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात उपवर पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. टीव्हीवाले हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. बायका मारून टाकलेल्या समाजाची ती वरात होती. पण यातून जात मोडेल अशा भ्रमात कुणी राहू नये. एजंटाला पैसे मोजून लांबच्या जिल्ह्यातून, परप्रांतातून मुलगी आणतात, तिची जात 'चालवून' घेतात, आणि गल्लीतल्या आपल्या पोराने त्यांच्या पोरीकडे बघितले तर कोयते निघतात. विकत आणलेल्या बाईची जात विचारली जात नाही, प्रेम करणाऱ्या बाईची पहिली विचारली जाते.

सरकारने यावर काय केले? घोषणा दिल्या. साताऱ्याचेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०११ मध्ये इथे 'नकुशा' नाव असलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली. ज्या पोरीला रोज हाक मारतानाच 'तू नको आहेस' असे सांगितले जात होते तिला नवे नाव मिळाले, याला मी किरकोळ म्हणणार नाही. नावाचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. १९५६ नंतर आपणही नावे बदलली. पण आपण नावाबरोबर देव बदलले, व्यवसाय बदलले, गावकीची कामे टाकली. नकुशाची ऐश्वर्या झाली तेव्हा तिच्या बापाच्या सातबाऱ्यावर काय बदलले?

मग जानेवारी २०१५ मध्ये पानिपतहून 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' आले. संसदेच्या महिला सबलीकरण समितीने, जिच्या अध्यक्ष सत्ताधारी पक्षाच्याच आणि महाराष्ट्रातल्याच खासदार होत्या, या योजनेचा हिशेब तपासला. २०१६ ते २०१९ मध्ये दिलेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रसिद्धीवर गेली. शंभरातले जवळजवळ एकोणऐंशी रुपये भिंतीवरच्या रंगाला आणि टीव्हीवरच्या जाहिरातीला. शिवाय घोषणेतच खोट आहे. 'बेटी' वाचवायची म्हणजे कुणाची तरी बेटी, कुणाची तरी सून. नागरिक म्हणून तिचा उल्लेखच नाही. 'बेटी नसेल तर बहू कुठून आणाल' हा प्रचार मी सांगलीत भिंतींवर वाचला आहे. म्हणजे बाई जगवायची ती पुरुषाला बायको मिळावी म्हणून! हे तर १९१६ च्या निबंधातले जातीचे गणित झाले, सरकारी खर्चाने रंगवलेले.

कायदा वाईट नाही, हे आधी सांगते. गर्भलिंग तपासणीविरोधी पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, तोही स्त्री संघटनांनी रस्त्यावर येऊन करायला लावला म्हणून. १९९४ ला केंद्राचा कायदा आला, २००३ ला त्यात दुरुस्ती झाली. या कायद्यात गर्भवती बाईवर नवऱ्याने-नातेवाइकांनी जबरदस्ती केली असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. सोनोग्राफीचा फॉर्म एफ नीट न भरणे हाही गुन्हा आहे. डॉक्टरांच्या संघटनेने या कलमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती २०१९ मध्ये फेटाळली गेली. मग अडते कुठे? खटला भरायचा अधिकार 'समुचित प्राधिकाऱ्या'ला आहे. तो बहुतेक ठिकाणी सरकारी डॉक्टर असतो, आणि त्याने आपल्याच कॉलेजातल्या, आपल्याच संघटनेतल्या डॉक्टरवर कारवाई करायची असते. नागरिकाला कोर्टात जायचे तर आधी त्याच प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. पंधरा दिवसांत मशीन कुठून कुठे जाते हे मिरज-कागवाड रस्त्यावरच्या कोणत्याही रिक्षावाल्याला विचारा. महाराष्ट्रात छापा पडला की पेशंट कर्नाटकात, तिकडे कडक झाले की इकडे. मरणाला राज्याची हद्द नाही, प्राधिकाऱ्याला आहे. म्हणून हा प्रश्न एका राज्याच्या आरोग्य खात्याने सुटणारा नाही. दोन्ही राज्यांत हात पोचेल अशी, डॉक्टरांच्या बिरादरीबाहेरची, पूर्णवेळ केंद्रीय यंत्रणा हवी.

आणि जे काही खटले उभे राहिले ते कुणामुळे? साताऱ्यात दलित महिला विकास मंडळ आणि लेक लाडकी अभियानाच्या वर्षा देशपांडे यांनी गर्भवती बायकांना बरोबर घेऊन स्टिंग केली, धमक्या खाल्ल्या, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. २०२५ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. अभिनंदन आहेच. पण सरकारने करायचे काम स्वयंसेवी बाईने जीव धोक्यात घालून करायचे आणि सरकारने तिचा सत्कार करायचा, हा कुठला न्याय?

इथे एका शब्दाबद्दल भांडायचे आहे. आपले कार्यकर्तेही भाषणात सर्रास 'स्त्री भ्रूणहत्या' म्हणतात. म्हणू नका. गर्भपाताला हत्या म्हटले की १९७१ च्या कायद्याने बाईला मिळालेला गर्भपाताचा हक्कच गुन्हा वाटू लागतो. म्हैसाळनंतर हेच झाले. औषध दुकानदार कायदेशीर गोळ्या ठेवायला घाबरू लागले, डॉक्टर गरीब बाईला परत पाठवू लागले, आणि ती पुन्हा भोंदूच्या दारात. गुन्हा लिंग बघून निवडण्यात आहे. नको असलेले बाळंतपण नाकारणे हा बाईचा हक्क आहे, आणि तो म्हणणारे पहिले कोण? १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूचा ठराव आणण्यामागे बाबासाहेब होते. बाईच्या शरीरावर बाईचा अधिकार, ही आपली परंपरा आहे. 'गर्भलिंगनिवड' म्हणा. शब्द अवघड आहे, पण आपण 'प्रतीत्यसमुत्पाद' म्हणायला शिकलो की.

आता मुळावर येते. मूळ सातबाऱ्यात आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने २००५ साली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निकाल दिला. कागदावर सगळे झाले. आणि प्रत्यक्षात? कोणत्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून बघा. काळ्या काचांच्या गाडीतून भाऊ उतरतो, मागच्या सीटवरून बहीण उतरते, हक्कसोड पत्रावर अंगठा किंवा सही होते, समोरच्या हॉटेलात मिसळ खाऊन बहीण एस. टी. ने सासरी जाते. तासगाव भागातल्या एका बाईला मी विचारले, बाग निम्मी तुमची होती, का सोडली? म्हणाली, "जमीन घिऊन काय करू ताई? भाऊ हाय म्हणून म्हायार हाय. उद्या नवऱ्यानं हाकललं तर जायाचं कुटं?" नीट ऐका. ज्या दिवशी नवरा मारील त्या दिवशी उंबऱ्यावर उभे राहता यावे, एवढ्यासाठी तिने दीड एकर दिली. आणि मार खाऊन ती खरेच माहेरी आली तेव्हा भावजयीने चार दिवस ठेवून परत पाठवली.

नवऱ्याच्या हातून मरणाऱ्या बाईची आणि न जन्मलेल्या मुलीची गोष्ट इथे एकत्र येते. जायला जागा नाही म्हणून एक मरते. जागा द्यावी लागेल म्हणून दुसरीला जन्मू देत नाहीत. हिंदू कोड बिलाला संसदेत आणि रस्त्यावर जो विरोध झाला त्यात संस्कृतीचा आरडाओरडा पुष्कळ होता, पण खरी पोटदुखी मुलीच्या वाट्याची होती. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपद सोडले. आपण त्या राजीनाम्याचे पोस्टर करतो, बिलातला मुलीचा वाटा आपल्या घरी मोजत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी फाशीची नाही, हक्कसोडीची आहे. केंद्राने वारसा कायद्यात तरतूद करावी: बाप वारल्यावर ठरावीक वर्षे भावाच्या नावे हक्कसोड नोंदवता येणार नाही, नंतरही बहिणीचा जबाब भाऊ खोलीबाहेर असताना, एकटीचा घ्यायचा, आणि वाटा सोडायचाच तर बाजारभावाने पैसे तिच्या खात्यात आल्याचा पुरावा लावायचा. बघा कसे सगळे पक्ष एका रात्रीत संस्कृतिरक्षक होतात ते.

"आपल्याकडे कुठे जमीन आहे?" असे आपली पोरे लगेच म्हणतील. महार वतनाच्या जमिनींचे फेरफार काढून बघा, बहिणींची नावे किती आहेत. घरकुलाचा उतारा बघा. एका विहारात चौदा एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक चांगला शिकलेला कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हे त्यांच्यात होतं, आपल्यात नाही." २००१ च्या जनगणनेत बौद्धांमध्ये हजार मुलग्यांमागे ९४२ मुली होत्या, २०११ ला ९३३. हिंदूंच्या ९१३ पेक्षा बऱ्या, मान्य. पण बाण खालीच जातोय. शिक्षण वाढले, नोकऱ्या आल्या, आणि त्याबरोबर 'एक मुलगा तरी हवाच' हेही आले. पंचशील म्हणून, त्रिसरण घेऊन लागलेल्या लग्नात गाडी आणि सोन्याची बोलणी होतातच ना? त्याला आपण 'प्रेमाने दिलेले' म्हणतो, एवढाच फरक.

मोठ्या बायकांच्या खुनांविषयी थोडेच बोलते, कारण त्याची फाइलच नीट तयार होत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये वाईजवळ धोमला जमिनीतून मृतदेह निघाले. सहा खुनांचा आरोप झाला, त्यातल्या जवळपास सगळ्या बायका, आणि पहिली घटना २००३ ची. तेरा वर्षे बायका 'बेपत्ता' होत्या. शेवटची अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटनेची पदाधिकारी होती, तिच्यामागे माणसे होती, म्हणून उलगडा झाला. ज्यांच्यामागे संघटना नव्हती त्या गेल्या असतील कुणाचा तरी हात धरून, असेच ना? ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणला सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने तळहातावर पोलीस अधिकाऱ्याचे नाव लिहून जीवन संपवले. कागदावर केलेल्या तक्रारी वाचल्या जात नाहीत हे तिला कळले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात खुनाची कारणे छापतात. 'प्रेमप्रकरण', 'अनैतिक संबंध', 'हुंडा'. संशयावरून नवऱ्याने बायकोला मारले की सरकारी तक्त्यात तिच्या नावापुढे 'अनैतिक संबंध' पडू शकते. म्हणजे मेल्यावरही चारित्र्याचा दाखला तिनेच द्यायचा. हुंडाबळीचे कलम लग्नानंतर सात वर्षेच चालते. आठव्या वर्षी जळालेली बाई स्टोव्हच्या भडक्याने जळालेली असते. दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांनी बाई म्हणून झालेला खून हा वेगळा गुन्हा केला, २०२५ मध्ये इटलीने केला. आपल्याकडे नुसता वेगळा रकाना तरी करा: मारणारा तिचा कोण लागत होता, दोघांची जात काय, तिने आधी किती वेळा तक्रार केली होती. जातनिहाय जनगणना होणार आहे, मग जातनिहाय खून मोजायला कसली लाज?

महाराष्ट्राने मात्र डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले, फाशीचे. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही. मिळाली असती तरी फाशीच्या भीतीने नातेवाईक साक्ष फिरवतात, कारण आरोपी घरातलाच असतो. त्यापेक्षा २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली सुरक्षित निवासस्थाने आणि जिल्हा विशेष कक्ष प्रत्यक्ष चालवा. विधी आयोगाने २०१२ मध्ये सुचवलेला, जोडप्यांना जातपंचायतींपासून वाचवणारा कायदा करा. विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस काढून टाका. ती नोटीस म्हणजे मारेकऱ्यांना सरकारने पाठवलेले पत्र आहे. आंतरजातीय लग्नाला पन्नास हजार देता, आणि लग्नाआधी महिनाभर पत्ता भिंतीवर लावता!

एक कडू गोष्ट राहिली. २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सांगली-साताऱ्यात लाखोंचे मोर्चे निघाले. कोपर्डीच्या मुलीला न्याय ही रास्त मागणी होती, तिच्या आडून ॲट्रॉसिटी कायद्यावर घाव घालणे रास्त नव्हते. पाच महिन्यांनी म्हैसाळ झाले. त्या आईसाठी, त्या ओढ्याकाठच्या पिशव्यांसाठी लाख माणूस रस्त्यावर आला नाही, कारण मारणारे दुसऱ्या जातीचे नव्हते, घरचेच होते. आणि आपण? खैरलांजीसाठी आपण पेटून उठलो, उठलेच पाहिजे होते. म्हैसाळला आपल्यातले बहुतेक 'त्यांचं ते बघतील' म्हणून घरी बसले. ज्या साताऱ्यात बाबासाहेब शाळेत गेले, भीमाबाई गेल्या, सावित्रीमाईचे नायगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या चळवळीने हे म्हणावे?

पीसीपीएनडीटी कायद्याच्या नियमाप्रमाणे सल्लागार समितीच्या दोन बैठकांत साठ दिवसांपेक्षा जास्त अंतर असता कामा नये. ही समिती तालुक्यालाही असते, जिल्ह्यालाही असते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा, इतिवृत्ते आणि हजेरीपत्रक मागा. दुसरा अर्ज दुय्यम निबंधकाकडे: वर्षभरात किती हक्कसोड पत्रे नोंदली गेली, त्यात सोडणाऱ्या बायका किती. मिरज आणि तासगावचे अर्ज मी टाकते आहे. कराड, वाई, फलटण, जत, आटपाडी कोण घेतो ते खाली कळवा.